चिपकडून खात्याकडे

बंगळूरात सदनिका घेतलेल्या मराठी कुटुंबाला 'खाता' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-पुण्यात घरपट्टीची पावती आणि कर आकारणीचा उतारा यांवर आपण जे काम भागवतो, साधारण तेच काम तिथे हा खाता करतो. अमुक मालमत्ता महानगरपालिकेच्या कर-नोंदवहीत अमुक व्यक्तीच्या नावे लागलेली आहे, एवढेच तो सांगतो. खाता हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी अनेकदा बजावले आहे. तरीही बँक कर्ज देताना तो मागते, घर विकत घेणारा तो मागतो, आणि विकणारा तो अभिमानाने दाखवतो. ज्यांच्या जमिनीच्या वापरात वा बांधकामाच्या परवानगीत काही कमतरता आहे अशा मालमत्तांसाठी पालिकेने वेगळी नोंदवही ठेवली. कर तर घ्यायचा, पण वैधतेची ग्वाही द्यायची नाही, असा तिचा हेतू. लोकांनी तिलाही नाव देऊन टाकले: 'बी' खाता. मग उरलेला तो 'ए' खाता. कराच्या नोंदवहीला मालकीच्या दस्तऐवजाचे रूप कसे येत जाते, याचे इतके बोलके उदाहरण देशात दुसरे क्वचितच सापडेल.

ही नोंदवही संगणकावर कशी गेली, याचा इतिहास पाहू लागलो की एका माणसाची कारकीर्द पुन्हा पुन्हा समोर येते. श्रीकांत नाधमुनी हे त्यांचे नाव. कर्नाटकातून अमेरिकेत गेलेल्या असंख्य अभियंत्यांपैकी ते एक. सन मायक्रोसिस्टिम्स, इंटेल, सिलिकॉन ग्राफिक्स आणि पुढे हेल्दिऑन, म्हणजे जी कंपनी १९९९ मध्ये वेबएमडीत विलीन झाली ती, अशी त्यांची दशकभराहून अधिक काळाची वाटचाल. संगणकाच्या मुख्य चिपची रचना, मोठे सर्व्हर, मग इंटरनेटवरील आरोग्यसेवा. शतक उलटल्यावर ते परतले आणि २००३ मध्ये नंदन निलेकणी यांच्यासह त्यांनी बंगळूरात ई-गव्हर्न्मेंट्स फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापली. नगरपालिकांसाठी संगणक-प्रणाली तयार करणे हे तिचे काम. व्यवसायाने ते 'सिस्टिम्स आर्किटेक्ट'. मराठीत आपण प्रणाली-रचनाकार म्हणू. घराचा आर्किटेक्ट भिंती बांधत नाही, भिंत कुठे असावी हे ठरवतो. याचेही तसेच.

चिपची रचना करणाऱ्याला एक विशेष शिस्त अंगी बाणवावी लागते. सिलिकॉनवर एकदा उतरलेली चूक शुद्धिपत्रक काढून सुधारता येत नाही. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराचा एक सूक्ष्म दोष उघडकीस आला, तेव्हा चिपा बदलून देण्यापायी त्या कंपनीला सुमारे ४७ कोटी ५० लाख डॉलरचा फटका बसला होता. अशा जगातून आलेल्या माणसाने नगरपालिकेचा उंबरठा ओलांडला म्हणजे काय होत असेल, याची कल्पना माझ्यासारख्या सरकारी माणसालाच चांगली करता येते. इथे शुद्धिपत्रक हाच नित्याचा व्यवहार आहे. मूळ आदेशापेक्षा त्याची शुद्धिपत्रकेच जास्त पानांची असतात आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही.

नगरपालिका आणि संगणक यांचे नाते मात्र आपण समजतो तितके नवे नाही. इंग्लंडातील नॉर्विच शहराच्या नगर परिषदेने १९५७ मध्ये एलियट ४०५ नावाचा संगणक बसवला. तो ट्रकमधून उतरवला जात असतानाचे छायाचित्र आजही अनेकांच्या पाहण्यात येते. कपाटांएवढी धूडे आणि भोवती माणसे. विशेष हे की तो नगररचना विभागाने किंवा अभियंत्यांनी मागवलेला नव्हता. तो मागवला शहराच्या खजिनदाराने, आणि त्याची कामे होती स्थानिक कराची बिले आणि कर्मचाऱ्यांचे पगार. म्हणजे नगरपालिकेच्या दारी संगणक प्रथम आला तो घरपट्टीसाठीच. पुढे सुमारे अर्ध्या शतकाने आपल्याकडेही तो त्याच दाराने आला, फक्त आपल्या घरपट्टीची अवस्था तेव्हा वेगळी होती.

ती अवस्था थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आपली घरपट्टी 'वार्षिक करयोग्य मूल्या'वर, म्हणजे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवीपणे किती भाडे यावे या अंदाजावर बसत असे. ही इंग्रजी परंपरा. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून शहरोशहरी भाडेनियंत्रण कायदे आले आणि भाडी गोठली. दिवाण दौलतराय कपूर यांच्या गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये असे ठरवले की, जिथे भाडेनियंत्रण लागू आहे तिथे करयोग्य मूल्य प्रमाणित भाड्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, मग घर प्रत्यक्षात कितीही भाड्याने जावो. निर्णय कायद्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा की, शहराची जमीन महाग होत गेली आणि शहराचा कर जागीच राहिला. जुन्या वाड्याला नाममात्र कर, शेजारच्या नव्या इमारतीला अनेक पट. दोहोंच्या मध्ये कर-निरीक्षकाचा विवेक. या विवेकाला बाजारभाव होता, हे नगरपालिकेत पाय ठेवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

या कोंडीतून पहिली वाट काढली ती पाटण्याने. १९९३ मध्ये पाटणा महानगरपालिकेने रस्त्याचा दर्जा, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवरून क्षेत्रफळाच्या प्रमाणात कर ठरवण्याचे नियम केले. सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बिहारने प्रशासनात देशाला वाट दाखवली, हे वाक्य वाचून काहींच्या भुवया उंचावतील, पण इतिहास तसा आहे. त्यानंतर २००० मध्ये बंगळूर महानगरपालिकेने स्वयं-आकारणी योजना आणली. नागरिकाने आपले क्षेत्रफळ, विभाग, वापर आणि इमारतीचे वय पाहून स्वतःच कर काढायचा आणि भरायचा. दिल्लीने २००४ मध्ये एकक-क्षेत्र पद्धत स्वीकारली. या सुधारणांत संगणकाचा भाग गौण होता, हे मुद्दाम सांगतो. आधी सूत्र आले, मग यंत्र. निरीक्षकाच्या मनातला आकडा जोवर कागदावरच्या सूत्रात उतरत नाही तोवर त्याचे संगणकीकरण करायचे तरी कशाचे?

आपल्या महाराष्ट्रातही याच सुमारास कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने, आयुक्त श्रीकांत सिंह यांच्या कारकीर्दीत, नागरी सुविधा केंद्र उभारून एका खिडकीवर बिले, दाखले, तक्रारी आणण्याचे काम केले. पुढे राज्यातील इतर पालिकांपुढे तोच आदर्श ठेवला गेला. डोंबिवलीकर पालिकेचे कौतुक करताना फारसे आढळत नाहीत, तेव्हा ही नोंद इथे असू द्यावी.

बंगळूरात सूत्र तयार होते आणि माणसेही जमत होती. मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी १९९९ मध्ये 'बंगळूर अजेंडा टास्क फोर्स' नेमला, निलेकणी त्याचे अध्यक्ष. रमेश रामनाथन यांच्या पुढाकाराने पालिकेचे हिशेब निधी-आधारित दुहेरी नोंद पद्धतीत आणण्याचे काम झाले. नाधमुनींच्या संस्थेचा उगम याच वातावरणातला. तिने नंतर कर्नाटक शासनाच्या 'निर्मल नगर' कार्यक्रमात राज्यातील ५७ शहरांसाठी मालमत्ता कर, तक्रार निवारण, जन्म-मृत्यू नोंदणी, हिशेब आणि कामांचे व्यवस्थापन यांच्या प्रणाली उभ्या केल्या. मालमत्ता कराच्या प्रणालीला नकाशाची जोड होती आणि तिला कर्नाटकात 'आस्ती' म्हणत. आपल्याला 'नास्ति'च्या विरुद्ध असलेला अस्ति आठवतो; कन्नडात आस्ती म्हणजे मालमत्ता.

माझा या क्षेत्राशी संबंध लेखापरीक्षणाच्या बाजूने आला. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनंतर स्थानिक संस्थांच्या हिशेबांवर तांत्रिक मार्गदर्शन आणि देखरेख करण्याचे काम नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे आले, आणि राष्ट्रीय नगरपालिका लेखा संहिता २००४ मध्ये तयार झाली ती याच ओघात. त्यामुळे निरनिराळ्या राज्यांतील नगरपालिकांची दप्तरे पाहण्याचा योग आला. दक्षिणेतील एका मध्यम शहरात (नाव सांगत नाही) संगणकीकरण 'शंभर टक्के पूर्ण' झाल्याचे प्रमाणपत्र आमच्यापुढे ठेवले गेले. संगणकातील मालमत्तांची संख्या जुन्या मागणी-नोंदवहीतील संख्येशी अगदी एकाने चुकत नव्हती. अधिकारी या जुळणीवर फार खूश होते. मला तीच खटकली. शहर वाढत होते, कार्यालयाच्या खिडकीतूनच चार अर्धवट इमारती दिसत होत्या, आणि नोंदवहीत वर्षानुवर्षे तीच घरे. आम्ही एका गल्लीत नोंदवही घेऊन चालत गेलो. नोंदवहीत तेव्हाच्या कौलारू घराची ओळ होती, जागेवर तीन मजले आणि खाली औषधांचे दुकान. टंकलेखकाने नोंदवही इमानाने उतरवून काढली होती. त्या बिचाऱ्याकडे दुसरे काय काम दिले होते?

नाधमुनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सापळा ओळखलेला दिसतो, कारण त्यांच्या पद्धतीत नकाशा आणि घरोघरचे सर्वेक्षण यांना मध्यवर्ती स्थान होते. आधी रस्ते, मग रस्त्यावरची घरे, आणि मगच घरांची नोंदवहीशी गाठ. जे घर नकाशावर आहे पण नोंदवहीत नाही, ते कराबाहेर राहिलेले. जे नोंदवहीत आहे पण जमिनीवर नाही, त्याची थकबाकी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाणारी. ऐकायला हे अगदी बाळबोध वाटते. परंतु आपल्याकडच्या पालिका-संगणकीकरणाच्या अपयशांची यादी केली तर बहुतेकांच्या मुळाशी हाच क्रम उलटा झालेला आढळेल.

क्रमांकाचा प्रश्न याहून कठीण. बंगळूरात मालमत्तेला जो ओळख क्रमांक, म्हणजे पीआयडी, मिळतो त्याचे तीन भाग असत: प्रभाग, रस्ता आणि भूखंड. कारकुनाच्या सोयीचे, क्रमांक पाहताच घर कुठे आहे ते कळावे. पण ज्या क्रमांकात अर्थ भरलेला असतो तो अर्थ बदलला की क्रमांक खोटा ठरतो. २००७ मध्ये सात नगरपरिषदा, एक छोटी नगरपालिका आणि ११० गावे सामावून बृहत् बंगळूर महानगरपालिका झाली; १०० प्रभागांचे १९८ प्रभाग झाले. घर तिथेच राहिले, त्याच्या क्रमांकातला प्रभाग मात्र नकाशावरून पुसला गेला. मग जुना पीआयडी, नवा पीआयडी, दोन्ही जपून ठेवा, अशी नागरिकांवर वेळ. आपले जुने सर्व्हे नंबर पोटहिश्श्यांनी कसे लांबत जातात, सात-बाऱ्यावर तिरक्या रेषा कशा वाढत जातात, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आणि तिसरा प्रश्न, सर्वांत नाजूक: नोंद बदलण्याचा अधिकार कोणाचा? कागदी नोंदवहीत खाडाखोड दिसत असे. शाई वेगळी, अक्षर वेगळे, शेजारी कोणाची तरी आद्याक्षरे. संगणकाच्या पडद्यावर बदललेली नोंद मूळ नोंदीइतकीच निष्पाप दिसते. म्हणून प्रत्येक बदलामागे कोणी, केव्हा, कोणत्या आदेशाने याची न पुसणारी नोंद ठेवावी लागते, आणि ती ठेवायची की नाही हे रचनाकार पहिल्याच दिवशी ठरवत असतो. कर निरीक्षकाला सगळ्यात जास्त अडचण होते ती याच गोष्टीची. त्याचा विरोध संगणकाला कधीच नसतो. 'सर, फक्त दुरुस्तीची सोय आमच्याकडे ठेवा' एवढीच नम्र मागणी असते. माझ्या पाहण्यात ही मागणी मान्य झालेल्या पालिका आहेत. तिथे नवी यंत्रे आहेत, रंगीत पावत्या आहेत, आणि कर तेवढाच आहे.

डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले. साठाहून अधिक शहरांना केंद्राचा पैसा मिळणार होता आणि त्यासाठीच्या सुधारणांच्या यादीत ई-प्रशासन, दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब, आणि नकाशा-आधारित मालमत्ता कराद्वारे सात वर्षांत ८५ टक्के वसुली ही कलमे होती. कागदावर हा संगणक-रचनाकारांचा सुवर्णकाळ. प्रत्यक्षात प्रत्येक शहराने आपापली निविदा काढली, आणि प्रत्येक कंपनीने आपापली प्रणाली विकली. आयुक्त बदलला की प्राधान्य बदले. त्र्याहत्तराव्या-चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी १९९३ मध्ये स्थानिक संस्थांना घटनेत स्थान दिले खरे, परंतु एखाद्या शहराला स्वतःचा प्रणाली-रचनाकार नेमायचा तर त्यासाठी पद नाही, वेतनश्रेणी नाही, सेवाप्रवेश नियम नाहीत. पद निर्माण करायचे तर प्रस्ताव राज्य शासनाकडे. नाधमुनी पालिकेत आले ते पालिकेचे नोकर म्हणून नव्हे, धर्मादाय निधीवर चालणाऱ्या संस्थेचे प्रमुख म्हणून. देशातील शहरांना असा माणूस मिळाला तो दानातून, आस्थापनेवर नव्हे. ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या तांत्रिक कामापेक्षा अधिक विचार करायला लावणारी वाटते.

जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या छायेखाली भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झाले, काही महिन्यांनी निलेकणी त्याचे अध्यक्ष झाले आणि नाधमुनी त्याच्या तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख. मुख्य रचनाकार होते प्रमोद वर्मा. आधारची रचना पाहिली की नगरपालिकेतल्या क्रमांकांचा धडा कोणीतरी नीट गिरवलेला आहे असे वाटते. बारा अंक, त्यांतला शेवटचा केवळ तपासणीचा, आणि बाकी अंकांत काहीही अर्थ नाही: ना राज्य, ना जिल्हा, ना जन्मवर्ष, ना जात. माणूस नंदुरबारहून सुरतेला गेला तरी क्रमांक खोटा ठरत नाही. दोनदा नोंदणी होऊ नये म्हणून दहा बोटांचे ठसे आणि दोन बुबुळे सर्व नोंदींशी ताडून पाहायची. पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात. एप्रिल २०१६ मध्ये संख्येने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला.

माणसांचे जे साधले ते घरांचे का साधले नाही? माझे उत्तर असे आहे. माणसाला बोटे असतात. तो दोन माणसांत विभागला जात नाही, दोन माणसे एकत्र करून एक होत नाहीत. घर विभागते, वाढते, पाडले जाते, त्यावर मजला चढतो, ते भावाभावांत वाटले जाते. आधारच्या बाबतीत क्रमांक देणारी संस्था देशात एकच होती आणि ती नवी होती. तिच्या दप्तरात जुनी नोंदवहीच नव्हती. पालिकेत प्रत्येक ओळीला शंभर वर्षांचा इतिहास चिकटलेला असतो आणि त्या ओळीवर कोणाचे तरी हितसंबंध बसलेले असतात. शिवाय क्रमांक घेणाऱ्याला काही मिळण्याची आशा होती. घराला क्रमांक घेणाऱ्याला मिळते ते बिल.

आधारचे श्रेय देताना त्याची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्राधिकरणाला संसदेचा कायदा मिळाला तो २०१६ मध्ये, म्हणजे पहिला क्रमांक दिल्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली, परंतु खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करण्याची वाट बंद केली. आधी रचना, मग कायदा हा क्रम अभियंत्याला स्वाभाविक वाटतो. प्रशासनात त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती बहुधा ज्याचे बोट यंत्रावर उमटत नाही तो रेशन दुकानासमोरचा म्हातारा मोजतो.

नाधमुनी २०१२ मध्ये प्राधिकरणातून बाहेर पडून पुन्हा उद्योगाकडे वळले. विनोद खोसला यांच्यासह त्यांनी बंगळूरात खोसला लॅब्ज उभी केली. तिथून आर्थिक व्यवहारांच्या आणि आधारवर आधारलेल्या ओळख-पडताळणीच्या सेवा निघाल्या. सार्वजनिक पायाभूत व्यवस्था उभारणाऱ्याने पुढे तिच्यावर व्यवसाय करावा का, हा प्रश्न त्या काळी टीकाकारांनी एकूणच विचारला. कायद्याचा भंग झाला असे मी सुचवत नाही. माझा मुद्दा नियमांच्या पोकळीचा आहे. माझ्यासारख्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी नोकरी घ्यायची तर शासनाची परवानगी लागते. उद्योगातून काही वर्षांसाठी येऊन परत जाणाऱ्या तज्ज्ञाला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही, आणि त्याच्यासाठी वेगळा नियम आपण कधी नीट केलाच नाही. निलेकणी यांच्याच अध्यक्षतेखालील एका तज्ज्ञ गटाने जानेवारी २०११ मध्ये 'राष्ट्रीय माहिती उपयोगिता' नावाच्या कंपन्यांची कल्पना मांडली होती. शासनाच्या वेतनश्रेणीत न बसणारी माणसे शासनाच्या कामासाठी ठेवता यावीत म्हणून. वस्तू व सेवा कराचे जाळे सांभाळणारी कंपनी २०१३ मध्ये त्याच धर्तीवर निघाली. देशाच्या करासाठी अशी सोय झाली. तुमकूर किंवा धुळ्याच्या घरपट्टीसाठी कोणी केली नाही.

ई-गव्हर्न्मेंट्स फाउंडेशनचे काम मात्र थांबले नाही. चेन्नई, आंध्र, पंजाब अशा निरनिराळ्या ठिकाणी तिच्या प्रणाली गेल्या, आणि पुढे 'डिजिट' नावाचा मुक्त स्रोत मंच तयार झाला, म्हणजे कोणतेही राज्य तो फुकट घेऊन आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियान जाहीर केले त्यामागे हीच विचारसरणी होती. परदेशस्थ वाचकांसाठी एक वेगळीच ओळख सांगतो. कोविडच्या काळात भारतात लस घेऊन विमानतळावर जे चौकोनी ठिपक्यांचे प्रमाणपत्र तुम्ही दाखवलेत, ते तयार करणारी 'डायव्हॉक' ही मुक्त प्रणाली याच संस्थेच्या घरची. नगरपालिकेच्या दाखल्यांवर हात बसलेल्या मंडळींनी ती केली हे मला अगदी सुसंगत वाटते.

आता कराचा हिशेब. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी तो सोडू शकत नाही. इतक्या प्रणाली आल्या, इतके पुरस्कार वाटले गेले, तरी आपला मालमत्ता कर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या जवळपासही पोहोचलेला नाही. तो एक-पंचमांश टक्क्याच्या आसपास रेंगाळतो. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने उपग्रह-छायाचित्रांच्या आधारे बंगळूर आणि जयपूर या शहरांचा अंदाज काढला, तेव्हा ती आपल्या संभाव्य कराच्या केवळ ५ ते २० टक्केच वसूल करतात असे दिसले. एक बंगळूर, जिथे आधी सूत्र आले, मग संस्था आली, मग प्रणाली आली! संगणक घर शोधू शकतो, बिल छापू शकतो, थकबाकी दाखवू शकतो. दर वाढवायचा की नाही हे निवडणुकीच्या आदल्या वर्षी कोण ठरवणार? पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची अट घातली ती या अनुभवातूनच. अट घातल्यावर अधिसूचना निघाल्या. बऱ्याच ठिकाणी किमान दर इतके किमान की कोणाला चिमटाही बसू नये.

बंगळूरात ऑक्टोबर २०२४ पासून घराच्या विक्रीची नोंदणी करताना ई-खाता सक्तीचा झाला, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे आपली नोंद तपासली नव्हती त्यांची एकच धावपळ उडाली. अमेरिकेत वा आखातात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ती अधिक जाणवली. वडिलांच्या नावे राहिलेला खाता, स्पेलिंगमधला फरक, न जोडलेला कर क्रमांक. ज्यांचे तिथे घर आहे त्यांनी मसुदा ई-खाता एकदा उघडून क्षेत्रफळ, नाव आणि नकाशावरची जागा या तीन गोष्टी ताडून घ्याव्यात, विक्रीचा विचार नसला तरी. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिका इतिहासजमा होऊन तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. प्रभागही नव्याने आखले गेले. ज्या पीआयडीच्या पहिल्या भागात १०० प्रभागांपैकी एकाचा आकडा आहे असे कागद अजून अनेक घरांच्या कपाटांत आहेत, आणि ते टाकून देऊ नयेत. जुनी पावती आणि नवी नोंद यांची गाठ घालून द्यायला खिडकीवरचा माणूस अजूनही तेच कागद मागतो.